आलेच हं

१

आमच्या घरात 'आलेच' हे वेळेचं एक माप होतं.

लग्न झाल्यापासून हिला कुठूनही हाक मारली की ही 'आलेच हं' म्हणायची आणि मग कधीतरी यायची. मधल्या वेळात माझा पेपर वाचून व्हायचा, चहा गार व्हायचा, दारातली टॅक्सी हॉर्न वाजवून थकायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात नाव पुकारलं तरी बाकावरून 'आलेच', आणि आधी पर्स बंद करणार, मग चष्मा शोधणार. जावयानं याचा हिशोबच मांडून ठेवला होता. स्टेशन किती लांब, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "फार नाही. आईंचं अर्धं आलेच." ही हसायची आणि त्याला पोळी जास्त वाढायची.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. एकदा हिला समजावून सांगितलं होतं, की 'आले' हा भूतकाळ आहे आणि 'च' लावून तू तो ठासून सांगतेस. म्हणजे जे माणूस आलेलं नाही, ते आल्याची ग्वाही देतं आहे. ही कणीक मळत होती. म्हणाली, "असू दे. येते ना शेवटी?"  

हिची दुसरी सवय निघतानाची. 'जाते' हा शब्द हिनं कधी उच्चारला नाही. तो म्हणू नये असं आईनं शिकवलेलं. दोन पावलांवरच्या वाण्याकडे निघाली तरी 'येते हं'. घराला कुलूप लावताना घरालाही 'येते हं'. आणि मी बाहेर निघताना 'येतो' म्हणालो, की आतून कुठूनतरी 'या' असा आवाज यायचा. तो ऐकल्याशिवाय माझा पाय चपलेत शिरत नसे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या शब्दांवर आहे, आणि वाचणाऱ्याला ते फार क्षुल्लक वाटेल. मलाही वाटतं.

लेक परदेशात असते. यंदा तिनं आणि जावयानं कालव्यातून फिरायची एक बोट भाड्यानं घेतली आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. लांबट, बैठी बोट. दोन झोपायच्या खोल्या, मधे स्वयंपाकाचा ओटा, मागे सुकाणू. चालवायची आपली आपण. जावयानं पहिल्या दिवशी एक पांढरी टोपी विकत घेतली आणि तो कप्तान झाला. वेग सायकलीहून कमी. सकाळी चहा, मग खुंटाचे दोर सोडायचे, मग दोन्ही काठांची झाडं हळूहळू मागे जाताना बघायची. कालव्याची पातळी जिथे बदलते तिथे लॉक होतं. दोन मोठ्या लाकडी दारांमध्ये बोट कोंडून पाणी भरायचं नाहीतर सोडायचं, मग पुढे. ज्या धक्क्यावरून बोट घेतली तिथेच ती परत द्यायची होती, म्हणून आलो त्याच वाटेनं परतायचं होतं.

मला पाण्याची भीती वाटते. दोरांची, ओल्या फळ्यांची, गॅसच्या नळीचीही वाटते. पण तो आठवडा बरा चालला होता.

२

त्या गावाचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, असं कप्तानानं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून बोट सकाळीच धक्क्याला लावली.

"आम्ही भाजी आणि ब्रेड घेतो," लेक म्हणाली. "तुम्ही दोघं आईसाठी गरम कोट बघा. रात्री कुडकुडत असते. आणि बाबा, तिला आलेच म्हणू देऊ नका."

"तोंड शिवू का माझं?" ही म्हणाली. मग काठावर पाय ठेवताना मागे वळून बोटीला म्हणाली, "येते हं."

बाजार मोठा होता. भाज्यांचे ढीग, बर्फावरचे मासे, स्वस्त चपला, एका गाडीवर किल्ल्या घासणारा माणूस. माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे. गर्दीत ते अगदी कुचकामी ठरतं; लांबचं-जवळचं सगळं एकाच अंतरावर येऊन बसतं. त्या गोंगाटाला कंटाळून आम्ही चौकाच्या कडेच्या कपड्यांच्या दुकानात शिरलो. दाराला घंटी होती. दार बंद झालं आणि बाजार एकदम बाहेर राहिला.

लांब, अरुंद खोली. लोखंडी दांड्यांवर कपडे, फळ्यांची जमीन, डांबराच्या गोळ्यांचा वास. काउंटरमागे एक पोक्त दुकानदारीण, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. आतल्या कोपऱ्यात कपडे घालून बघायची जागा: तीन बाजूंना भिंती, समोर दांडीला कड्यांनी अडकवलेला तपकिरी पडदा, जमिनीपासून वीतभर वर संपणारा.

हिला एक करडा कोट आवडला. शेवटचा आहे, असं दुकानदारणीनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

हिचा उजवा खांदा काही वर्षांपासून आखडला आहे. स्वेटर असो की कोट, पहिली बाही ही आपली आपण घालते. दुसरीसाठी हात मागे नेऊन चाचपडत राहते, मग मी बाही पुढे धरतो आणि हात आत शिरतो. रोजचंच. त्याबद्दल आम्ही कधी काही बोललेलो नाही.

"येऊ का आत?" मी विचारलं.

"परक्या बाईसमोर? काहीतरीच! बसा तिथे स्टुलावर. मी करते."

मी बसलो. कानातल्या मशीननं शिट्टी वाजवायला सुरुवात केली, म्हणून ते काढलं, रुमालानं पुसलं, परत घातलं.

"झालं का गं?"

"आलेच हं," पडद्यामागून आवाज आला.

मला हसू आलं. दुकानदारणीनं माझ्याकडे बघितलं आणि काही न कळता तीही टाचण्यांमधून हसली. थोड्या वेळानं पुन्हा "आलेच", या वेळी जरा कष्टानं, खांदा आड येत असल्यासारखं. आता उठावं म्हणून मी गुडघ्यांवर हात टेकले. तेवढ्यात पाठीमागून, रस्त्याच्या बाजूनं, खांद्यावर हात पडला.

"चला," ती म्हणाली.

कोट अंगात होता. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली.

"तू बाहेर कधी आलीस?"

"मघाशीच."

"मी इथेच बसलोय."

"हो. बसला होतात."

मी पडद्याकडे पाहिलं. तो हलत नव्हता. मी विचार केला: मी मान खाली घालून मशीन पुसत होतो, मशीन कानात नव्हतं, एखादं माणूस समोरून सहज निघून जाऊ शकतं. आणि आवाज? मशीन देणाऱ्यानं सांगितलंच होतं, की आवाज कानात पोचायला केसभर उशीर होतो. मी त्या केसाला धरून राहिलो.

ती दार उघडून बाहेर पडली. दुकानदारणीला काही म्हणाली नाही. मी काउंटरवर पैसे ठेवले आणि मागोमाग निघालो. घंटीचा नाद विरत असताना आत एक कडी दांडीवर घासल्यासारखी वाटली. पण बाहेर बाजार होता, आणि मशीनचा काही भरवसा नाही.

३

आम्हाला धक्क्यावर बघून कप्तानानं टोपी काढून हातात घेतली. "आई? वेळेच्या आधी? बाजारात काय खाल्लंत?"

"निघायचं ना?" ती म्हणाली. "निघू या."

"अहो, ही खरी आई आहे ना? तपासून घेतलीत का, बाबा?" कप्तान म्हणाला. लेक हसली. मीही हसलो. हसायचीच गोष्ट होती.

दुपारी एक लॉक लागलं. मागची दारं मिटली, पाणी खाली जाऊ लागलं आणि दोन्ही बाजूंच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंती हळूहळू वर चढल्या. उजेड कमी झाला. बोलणं घुमायला लागलं. लेक पुढचा दोर सैल सोडत होती, मी मागचा. ती बाकावरून उठली.

"मी आत जाते," ती म्हणाली आणि गेली.

जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसं झालं. पाय नुसताच टेकला.

"आई 'जाते' म्हणाली," मी लेकीला सांगितलं.

"मग? गेलीच की."

"तसं नाही. 'येते' म्हणाली नाही."

"बाबा, दोर धरा! निसटतोय."

मी दोर धरला. पाणी उतरत राहिलं, समोरची दारं उघडली, ऊन आलं. मला भीती वाटायला हवी होती. निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. झोपेत हात उशीखाली दबला की मुंग्या यायच्याही आधी तो काही क्षण नुसता असतो, आपला असून आपला नसतो. माझ्या आत तसं काहीतरी होतं. मी ते चाचपून पाहिलं आणि मग चहा प्यायला गेलो.

४

तिला सगळं माहीत होतं. माझ्या चहात किती साखर, लेक जन्मली तेव्हा बाहेर कोण कोण बसलं होतं, आमच्या पहिल्या घरमालकाचा तोतरा भाऊ, सगळं. विचारलं की सांगत होती. चूक एकही नव्हती. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. असा पेपर तपासताना जे वाटतं ते वाटलं, पण त्याला पुरावा लागतो.

आणि ती वेळेवर येत होती.

'अगं' म्हणायला मी तोंड उघडावं आणि ती दारात. बोटीच्या फळ्या सगळ्यांच्याच पायाखाली वाजायच्या, तिच्याही वाजायच्या. फक्त मी हाक मारायच्या आधी वाजायच्या.

कप्तान खूश होता. "आईंचं घड्याळ दुरुस्त झालं. पण आता माझी पंचाईत. लांबी कशात मोजू?"

"चेष्टा पुरे," लेक म्हणाली. "आई, कोट तरी काढ. ओट्यापाशी किती उकडतंय."

"नको."

"काढताना बाही धरू का?" मी म्हणालो.

"लागत नाही." तिनं उजवा हात सरळ वर केला. अगदी कानाला लावून, बोटं छताला टेकवून, आणि आम्ही बघून होईपर्यंत तसाच ठेवला.

"आई गं!" लेकीनं टाळी वाजवली. "खांदा सुटला तुझा! बघा बाबा, हवा मानवली. आणि तुम्ही यायला नको म्हणत होतात."

एकदा आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी धीर केला. "वर निघालीस ना? मग काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं?"

"येते म्हण."

"येते," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघत. परक्या भाषेतला शब्द शिकवणाऱ्याच्या मागून म्हणावा तशी. उच्चार स्वच्छ, दोन अक्षरं वेगवेगळी. मग थोडी थांबून म्हणाली, "जाऊ?"

मी मान डोलावली.

आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत, 'ही' म्हणतात. ही म्हणजे जवळची, हाताशी असलेली. हे लिहिताना बघतो तर त्या दुकानापासून पुढे मी सगळीकडे 'ती' लिहिलं आहे. दुरुस्त करून पाहिलं. हात वळत नाही.

५

शक्यता दोन. एक, माझ्यात काहीतरी बिघडलं आहे. दोन, तिच्यात. पहिली मानायला मी तयार होतो. माझ्या वयात तीच सोपी. गेल्या वर्षी एका डॉक्टरनं स्मरणशक्ती तपासायला मला कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं. मी काढलं, बरोबर काढलं, पण तेव्हापासून लेकीच्या नजरेत एक नर्स येऊन बसली आहे, ती काही उठत नाही. तिसरी शक्यताही आहे. ती मी मांडली नाही. मांडली की तिला विधानाचं रूप येतं आणि मग ते खरं की खोटं, ते ठरवावं लागतं.

परतीच्या वाटेवर लेक माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, तुम्ही आईकडे असं का बघता?"

"कसं?"

"पाहुणी आल्यासारखं. काय झालंय, सांगा ना."

"ती वेळेवर येते."

"बरं. आणि?"

"खांदा बरा झालाय."

"बाबा, तुमची तक्रार नक्की काय आहे?"

"जाते म्हणते."

लेक पाण्याकडे बघत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, त्या नर्सच्या आवाजात म्हणाली, "औषधं घेताय ना वेळेवर?"

"घेतो. ती आणून देते. वेळेवर."

बोटीच्या टाकीतलं पाणी संपत आलं होतं, आणि पाणी भरायचा नळ त्या बाजाराच्या गावाच्याच धक्क्यावर होता. कप्तानानं सांगितलं, टाकी भरेपर्यंत थांबू. मी म्हणालो, मला मशीनचे सेल घ्यायचे आहेत.

"मी येते बरोबर," लेक म्हणाली.

"नको. समोरच आहे."

"मग आईला न्या."

"तिला राहू दे," मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो असेन. कप्तानानं नळीवरून मान वर केली. "झालं की भोंगा वाजवतो बाबा, लगेच निघा."

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी काही न म्हणता उतरलो.

६

बाजाराचा दिवस नव्हता. चौक रिकामा होता, दगड धुतलेले होते. चपलांच्या दुकानाच्या जागी एक खोकं पडलं होतं. कपड्यांचं दुकान उघडं होतं.

घंटी वाजली. दुकानदारणीनं मला ओळखलं, पण ती हसली नाही. तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. माझं स्टूल पडद्यासमोर आडवं लावलं होतं आणि त्यावर कापडाचे तागे रचले होते, गुराला अडवावं तसे.

"आलेच," दुकानदारीण म्हणाली.

उच्चार जवळजवळ बरोबर होता.

"तुमचा शब्द आहे ना?" दोघांच्याही मोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं चाललं होतं. "अर्थ काय?"

"तुम्ही कुठे ऐकलात?"

तिनं बोट दाखवलं नाही. हनुवटी जराशी कोपऱ्याकडे वळवली. "तुम्ही गेल्यावर आधी कधीतरी ऐकू यायचं. आता गिऱ्हाईक समोर असलं तरी येतं. मी सांगते, ती जागा बंद आहे, घरी नेऊन घालून बघा. पडदा उघडते तेव्हा कुणी नसतं. मिटला की पुन्हा." मग तिनं परत विचारलं, "अर्थ काय?"

व्याख्या करणं हे माझं कामच होतं. "म्हणजे," मी म्हणालो, "ती आली आहे."

दुकानदारीण पडद्याकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. "आलेली नाही."

"आलेच हं."

मी दोन्ही कानांतली मशीनं काढून खिशात टाकली. त्यांच्याशिवाय मला दाराची घंटी ऐकू येत नाही. आवाज तरीही आला. मंद, आमच्या घरच्या आतल्या खोलीतून यावा तसा.

"अगं," मी म्हणालो.

"हो, हो, आलेच. ही मेली बाही सापडत नाहीये. तुम्ही बसा ना तिथे. जाऊ नका हं कुठे."

आवाज हिचा होता. भ्यालेला नव्हता, रडवेला नव्हता. जरा वैतागलेला होता, बस. हिच्यासाठी अजून तीच सकाळ चालू होती आणि मी बाहेर स्टुलावर बसलेला होतो.

मी तागे उचलून खाली ठेवले आणि स्टूल सरकवलं. पडद्याखाली वीतभर जागेत पावलं दिसली. काळे मोजे, डाव्या टाचेला निळ्या दोऱ्यानं रफू. काळा दोरा संपला होता तेव्हा हिनं केलेलं. बोटं पलीकडे, भिंतीकडे.

पडदा आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. तिथून बाजूच्या भिंतीवरच्या आरशाची एक चीर दिसत होती, आणि तिच्यात करड्या कापडाची पाठ. एका खांद्यावरून कोट लोंबत होता. उजवा हात मागे यायचा, तळवा उघडायचा, हवेत चाचपडायचा, रिकामा परत जायचा. पुन्हा यायचा. घाई नव्हती त्याला. बाही तिथेच होती, पलीकडे, जराशी लांब.

चेहऱ्यापर्यंत ती चीर पोचत नव्हती. मी फट रुंद केली नाही.

मी हात आत घातला. बाहीची कड बोटांना लागली. लोकर गार होती. मी ती पुढे धरली, रोज धरतो तशी. मागे आलेला हात बाहीच्या तोंडाशी अडखळला, मग त्याला वाट सापडली.

"हां," ही म्हणाली. "अस्सं."

बाहेर भोंगा वाजला असणार. मला ऐकू आला नाही. दार उघडल्याचा वारा मात्र मानेला लागला, म्हणून वळून पाहिलं. दारात लेक धापा टाकत होती, आणि तिच्या शेजारी ती, करड्या कोटात, बटणं गळ्यापर्यंत. लेक काहीतरी ओरडून बोलत होती. मी मोकळ्या हातानं एक मशीन कानात घातलं.

"...केव्हाचा भोंगा वाजवतोय तो! काय करताय काय तुम्ही इथे?"

"आलेच हं," पडद्यामागून आवाज आला.

"आई, आटप गं लवकर!" लेक म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. जन्मभराच्या सवयीनं, वैतागून. मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं मान हळूहळू बाजूला वळवली. ती शेजारीच उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, लेकीकडेही नाही. माझ्या हाताकडे बघत होती, जो मनगटापर्यंत फटीत होता.

 दुकानदारणीनं गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला घेतली.

"अहो, चला," ती म्हणाली.

"अहो, बसा ना," ही म्हणाली. "झालंच."

"बाबा." लेकीच्या आवाजातली नर्स गेली होती. लहानपणी ताप चढला की हा आवाज यायचा. "बाबा, चला. आत्ता चला. तिकडे बघू नका. प्लीज."

मी विचार केला. पडदा ओढला आणि आत कुणी नसलं, तर कागद आणि घड्याळ. आत कुणी असलं, तर बोटीत चौघांचीच सोय आहे. खरंच, हाच विचार आला: गाद्या चारच आहेत. कोण कुठे झोपेल? बुद्धीला अशा वेळी जे सुचतं ते सुचतं.  मला लेकीला घेऊन बाहेर जायचं होतं, आणि मला हलायचं नव्हतं, आणि दोन्हींपैकी काहीच मला नीट वाटत नव्हतं.

बाहीत कोपरापर्यंत शिरलेला हात मला जाणवत होता. बाही धरलेली माझी बोटं आपोआप उघडली.

"येतो हं," मी म्हणालो.

"या," ही म्हणाली. "मी आहेच."

७

आम्ही आता घरी आहोत.

लेक फोन करते. पूर्वी आईला मागायची, आता माझ्याशीच बोलते आणि ठेवायच्या आधी विचारते, "ती कशी आहे?" मी सांगतो, बरी आहे. त्या दुकानाविषयी आम्ही बोलत नाही. कप्तानाला तिनं काय सांगितलं, ठाऊक नाही. तो अजून विनोद करतो, पण लांबी आता किलोमीटरमध्ये सांगतो.

मध्ये मी तिकिटाचा विषय काढला. मला पुन्हा यायचंय, म्हणालो. 

"मी जाऊन आले बाबा," लेक म्हणाली. "दुकान बंद झालंय. आतून काचेला कागद लावलेत."

"काही ऐकू आलं?"

फोन चालू होता. तिच्याकडच्या रस्त्यावरच्या गाड्या मला ऐकू येत होत्या.

"मी दार वाजवलं नाही," लेक म्हणाली.

मी तिला बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

संध्याकाळी मी फिरायला निघतो. उठायचं मनात येतं न येतं तोच पॅसेजमधल्या फरश्या वाजतात, आणि मी बाहेर येतो तेव्हा ती दारापाशी उभी असते. माझ्या चपला सरळ करून ठेवलेल्या असतात. कोट अजून अंगात आहे. आमच्याकडे त्याची गरज पडेल अशी थंडी नसते. मी दोन्ही कानांतली मशीनं काढून खिशात टाकतो. चपलेशी पाय नेतो आणि थांबतो.

"येतो," मी म्हणतो.

आतल्या खोल्यांकडे कान देऊन मी उभा राहतो. स्वयंपाकघर, बाल्कनी, कपाटाची खोली. कुठून काही येत नाही. तिचे ओठ हलताना दिसतात. मला ऐकू येत नाही, पण एका अक्षराचा शब्द ओठांवरून कळतो.

"जा."